सवलती नकोत, साधनं वापरा

‘एकलहऱ्यात जमीन स्वस्त द्या, कारखाने धावत येतील’ हे पत्र वाचलं. जमिनीनेच भागलं असतं, तर शेजारी सिन्नरला गुळवंचच्या विशेष आर्थिक क्षेत्राची जमीन एवढी वर्षं पडून राहिली नसती. तिथे प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच औष्णिक वीजसंच उभे राहिले. पण वीजखरेदीचा करार नाही आणि कोळशाचा रेल्वेमार्ग अर्धवट, म्हणून ते बंद पडून राहिले.

आपल्याकडे उलट आहे. १९७० पासून इथल्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते. कोळशासाठी रेल्वेचा फाटा आहे, गोदावरीचं पाणी आहे, उच्चदाब वाहिन्या आहेत, नाशिकरोड स्टेशन जवळ आहे. १४० मेगावॉटचे दोन जुने संच मोडीत निघाले. २१० चे तीनच उरले. बदली ६६० मेगावॉटच्या संचाचं आश्वासन मात्र अजून निवडणुकीपुरतं!

पत्रलेखकांनी सवलती मागण्याआधी जुन्या संचांच्या मोकळ्या जागेचं काय करणार, हे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती कंपनीला विचारावं. राखेपासून विटा करणाऱ्या लहान उद्योजकाला तिथे गाळा मिळाला, तरी गावातल्या पोरांना अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी बस धरावी लागणार नाही.

— एक वाचक, एकलहरे