उचंती खात्यातली रहस्ये

'रहस्य' या शब्दाबद्दल मला कॉलेजात असेपर्यंत फार आदर होता. बँकेत चिकटलो आणि तो गेला. बँकेत एखादी रक्कम कोणाची, कशाची, याचा पत्ता लागला नाही की ती तात्पुरती उचंती खात्यात टाकतात. इंग्रजीत याच खात्याला 'सस्पेन्स अकाउंट' म्हणतात. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला वाटावं, आत खून पडला असेल. आत असतात सव्वातीनशे रुपये, कोणीतरी आकडा गिचमिड लिहिल्यामुळे अडकलेले. आणि तेही तिथे सुखाने राहू शकत नाहीत. ऑडिटर येतो, चष्मा नाकावर सरकवतो आणि विचारतो, "हे कोणाचं?" त्याला "साहेब, काही गोष्टी मानवी बुद्धीच्या पलीकडच्या असतात" असं सांगून पाहा एकदा!

त्यामुळे इंटरनेटवरच्या 'न उलगडलेल्या रहस्यां'बद्दल मंडळी आवाज खाली घेऊन बोलू लागली, की माझं डोकं फिरतं. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर अशी मंडळी पुष्कळ. त्यांचं सर्वांत लाडकं रहस्य १९९६ सालचं. तेव्हा यूजनेट नावाचे चर्चेचे गट असत. सार्वजनिक फळाच म्हणा ना. त्या फळ्यावर एकाएकी शेकडो पत्रं येऊन पडली. विषय काय, तर 'मार्कोव्हियन पॅरलॅक्स डेनिग्रेट'. खाली शब्दांची नुसती रास. ना कर्ता, ना कर्म, ना क्रियापदाला कोणी वाली. झालं! हा हेरांचा सांकेतिक निरोप आहे, असं ठरलं.

अहो, पण विषयाचा पहिला शब्द तरी वाचा! मार्कोव्ह हे रशियन गणिती. १९१३ साली त्यांनी पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन'मधली वीस हजार अक्षरं मोजली, स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं आणि स्वर किती वेळा, हे पाहायला. (काव्य समोर ठेवून अक्षरं मोजत बसणारा हा गृहस्थ मला आमच्याच खात्यातला वाटतो.) त्यांच्या पद्धतीने यंत्राकडून शब्दामागे शब्द लावून घेता येतात. दिसायला मजकूर, आत अर्थ शून्य. तेव्हा कोणीतरी यंत्र चालवून पाहत होता, इतकं सरळ उत्तर पाकिटावरच छापलेलं असताना यांना पाकिटात हेर दिसतो.

इथवर गंमत होती. पण त्यातल्या एका पत्रावर एका बाईंचं नाव होतं. त्याच नावाची एक दुसरी बाई अमेरिकेत २००४ साली इराकसाठी काम केल्याच्या आरोपावरून पकडली गेली. रहस्यवाल्यांनी दोन्ही नावं जोडून टाकली. बाई 'माझा संबंध नाही' म्हणाल्या, तरी त्यांच्यामागचं शुक्लकाष्ठ सुटेना. आमच्या शाखेत एकाच नावाचे चार कुलकर्णी आहेत. एकाचा चेक दुसऱ्याच्या खात्यातून वटवला तर मला घरी बसवतील. इथे मात्र असल्या कामाला 'संशोधन' म्हणतात.

दुसरं रहस्य यूट्यूबवरचं. 'वेबड्रायव्हर टॉर्सो' नावाखाली अकरा-अकरा सेकंदांच्या हजारो चित्रफिती येत. लाल आणि निळे चौकोन, सोबत टूं-टूं. लगेच परग्रहवासीयांपासून हेरांच्या रेडिओपर्यंत सगळे हजर! २०१४ साली गूगलनेच कबूल केलं की यूट्यूबचं चित्र नीट दिसतं का, याची ती आमची चाचणी. म्हणजे मांडववाला माइकवर "हॅलो, चेक, वन टू थ्री" म्हणत होता आणि लोक खाली बसून अर्थ लावत होते.

मला राग कशाचा येतो सांगू? खरा उपद्रव समोर बसलेला असताना ही मंडळी गूढाला ओवाळत बसतात त्याचा. फुकट्या जाहिरातीचं पहिलं पत्र ३ मे १९७८ रोजी एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना धाडलं. त्यात गूढ काही नव्हतं, माल खपवायचा होता. पुढे २००२ च्या सुमारास शब्दांवरून असली पत्रं ओळखणाऱ्या चाळण्या निघाल्या, तेव्हा पाठवणाऱ्यांनी जाहिरातीत वाटेल ते सभ्य शब्द कालवायला सुरुवात केली. खड्यांत मूठभर तांदूळ मिसळायचे, म्हणजे चाळणी फसते. त्या पत्रांतली असंबद्ध वाक्यं वाचून हळहळणारे रसिकही मी पाहिले आहेत!

आणि त्या भिकार चुका? "आपल्याला कोटी रुपय लागले" असं लिहिणारा अडाणी नसतो. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने याचा हिशेब मांडला. थाप मुद्दामच ढोबळ ठेवतात, म्हणजे शहाणा माणूस हसून बाजूला होतो आणि भाबडा तेवढा उरतो. शहाण्यावर वेळ घालवणं ठकाला परवडत नाही. धंदा आहे तो, आणि खर्चाचा हिशेब आमच्यापेक्षा चोख.

गेल्या वर्षी काउंटरवर एक निवृत्त शिक्षिका आल्या. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' असा मेसेज त्यांना आला होता. त्यातल्या नंबरवर फोन केला, त्याने सांगितलेलं ॲप घेतलं, अठ्ठेचाळीस हजार गेले. बाई खुर्चीत बसून पदराचं टोक चाचपत होत्या. सोबतचा जावई सारखा म्हणत होता, "पैसे गेले कसे, हे एक गूढच आहे." गूढ कसलं? पासबुकात तारीख, वेळ, रक्कम आणि घेणाऱ्याचं खातं, सगळं छापून आलं होतं. गूढ म्हटलं की ठकाला शोधायला नको, रात्री आईंचा फोन का उचलला नाही तेही सांगायला नको. मी म्हटलं, "आधी १९३० ला फोन लावा. पैसे वाटेत असले तर अडवता येतात."

जावयाने खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर 'इंटरनेटवरील दहा अगम्य रहस्ये' उघडंच होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : पुढील रहस्यासाठी येथे दाबा.