नजरेचा अंदाज पुरे झाला

परदेशी पैशातून एखादी योजना महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आली की तिचा अहवाल ठरलेला असतो: इतकी शिबिरं घेतली, इतक्या नर्सबाई तयार केल्या, इतक्या पेट्या वाटल्या. यातून वाचलं कोण, असं विचारलं की उत्तर येतं, ‘काम दिसतंय की! मोजत बसण्यापेक्षा तो पैसा गरिबाला द्या.’ महाराष्ट्रात येण्यासाठी 865 गावांचा दावा खेडेवार आकड्यांनिशी मांडणाऱ्या, निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या आपल्या मुलखात हा युक्तिवाद खपतो, याचं मला नवल वाटतं.

‘दिसतंय’ म्हणजे नेमकं किती दिसतं? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींनी याचा छडा लावला आहे. बाळंतपणानंतर गेलेलं रक्त डॉक्टर, नर्स नजरेनंच अजमावायचे. इथं बाळंतिणीखाली प्लास्टिकची चादर बांधली आणि तिच्या टोकाच्या नरसाळ्यासारख्या पिशवीत रक्त धरून खुणांवर मोजलं. नजरेचा अंदाज सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी निघाला. म्हणजे बाई धोक्यात जायची, आणि कागदावर सारं आलबेल!

या पिशवीमुळं पुढचा निकाल भरवशाचा ठरला. 2002 ते 2005 या काळात अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या आणि गेट्स प्रतिष्ठानच्या पाठबळानं जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. औषध घेतलेल्यांत अतिरक्तस्राव 6.4 टक्के, इतरांत 12 टक्के. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

‘म्हणजे गरीब बायका प्रयोगाला वापरल्या?’ हा आक्षेप हलका नाही. निम्म्या बायकांना औषध मिळालं नाही, ते खरंच आहे. पण न मोजता गावोगाव राबवलेली योजनासुद्धा गरिबांवरचा प्रयोगच असतो. फरक एवढाच, की त्याचा निकाल कुणी लिहून ठेवत नाही.

मोजलं की उलटा निकालही कळतो. वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, हा रुग्णालयांतला मान्य उपचार. तो खेड्यापाड्यांत न्यावा म्हणून बेळगाव, नागपूर धरून सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांवर चाचणी झाली. निकाल 2015 चा. जिथं हा कार्यक्रम राबवला तिथं हजार जिवंत जन्मांमागं 27.4 अर्भकं महिन्याच्या आत दगावली. जिथं राबवला नाही तिथं 23.9. हेतू चांगला, औषध नावाजलेलं, आणि मृत्यू जास्त. तुलनेला दुसरी गावं नसती तर याच कार्यक्रमाचे सत्कार झाले असते. पुढं भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीनं दिवस नीट ठरवून आणि बाळाच्या देखभालीची सोय पाहून, त्याच जातीचं औषध दिलं तेव्हा मात्र बाळं वाचली. तो निकाल 2020 चा.

सगळंच मोजता येत नाही; सौंदत्तीच्या देवदासींना पुनर्वसनातून परत मिळालेला मान आकड्यात मावत नाही, हे कबूल. मरण मावतं.

तक्रार करायचीच तर वेगळी करा. हे निकाल लंडन-बोस्टनच्या इंग्रजी नियतकालिकांत छापून येतात. ज्या गावांनी आपली बाळंतपणं मोजू दिली, तिथल्या ग्रामसभेत ते मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याही संस्थेला पुढचा हप्ता मिळता कामा नये. गावात पुढच्या योजनेचा फलक लागेल तेव्हा ही अट घाला.