खपाचा आकडा आणि सत्याचा ताळेबंद

23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटेचा शपथविधी महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या घडामोडी प्रियम गांधी यांच्या इंग्रजी ‘ट्रेडिंग पॉवर’मध्ये आहेत; शरद पवारांच्या ‘लोक माझे सांगाती’च्या 2023 मधील सुधारित आवृत्तीतही आहेत. घटना एक, कथने दोन.

अशा वेळी वाचक सर्वाधिक खपाच्या यादीवर विसंबतो. परंतु खप ही खरेपणाची पावती नव्हे. 2019 मध्ये डोनाल्ड ट्रम्प ज्युनियर यांचे ‘ट्रिगर्ड’ ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत अग्रस्थानी आले, तेव्हा त्यापुढे खंजिराचे चिन्ह होते. घाऊक खरेदीची ती खूण! त्यांच्या पक्षानेच देणगीदारांसाठी प्रती विकत घेतल्या होत्या. घाऊक मागणी आणि नित्याचे गिऱ्हाईक यांतील भेद माहुल-चेंबूरच्या दुकानदारास कोणी शिकवावा लागत नाही. पुस्तकांनाही तोच हिशेब लावावा.

अनेकान्त म्हणजे दोन्ही पक्षांना निम्मे-निम्मे खरे ठरविणे नव्हे. निर्णयापूर्वी दुसरी बाजू समजून घेणे होय. राजकारणावरून पिता-पुत्रांत अबोला धरला जाण्याच्या या काळात, घरात एका पक्षाचे पुस्तक आले तर दुसऱ्याचेही आणावे. केवळ जमेची बाजू लिहून कोणत्याही पेढीचा ताळेबंद जुळत नाही.