खिडकीवरचा चहा

काही वर्षांपूर्वी एका जावा सर्व्हरच्या वेगाच्या अहवालावर मी सही केली होती. ९९ टक्के विनंत्यांना १ मिलीसेकंदात उत्तर! सगळे खूश. आणि मग ग्राहकाचा फोन, "अहो, मधूनच गोठतंय तुमचं." मी त्याला आमचा आलेख दाखवून गप्प केलं. आज त्याची लाज वाटते, कारण खरं तोच बोलत होता.

आमचा चाचणीचा प्रोग्रॅम दर १० मिलीसेकंदांनी एक विनंती पाठवायचा, पण आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची नाही. सर्व्हर गार्बेज कलेक्शनसाठी थांबला की हाही मुकाट थांबायचा. म्हणजे बघा, आरक्षणाच्या खिडकीवर किती वेळ लागतो हे पाहायला एकच माणूस पुन्हापुन्हा पाठवायचा. कारकून अर्धा तास चहाला गेला तर वहीत अर्ध्या तासाची एकच नोंद! तेवढ्या वेळात मागे जी रांग लागली असती, ती कुठेच नाही.

आता हिशोब. चाचणी एक मिनिटाची, त्यात ३ सेकंदांचा एक थांबा. आमच्या वहीत १ मिलीसेकंदाच्या सुमारे ५७०० नोंदी आणि ३ सेकंदांची एक. सरासरी दीड मिलीसेकंद. पण ठरल्याप्रमाणे ६००० विनंत्या जायला हव्या होत्या. त्यातल्या ३०० त्या थांब्यात सापडल्या असत्या, कुणी ३ सेकंद, कुणी २, कुणी नुसती चुटपुट. त्या धरल्या तर सरासरी ७६ मिलीसेकंदांच्या आसपास जाते आणि ९९ टक्क्यांचा आकडा २.४ सेकंदांवर. (साचलेली रांग उपसायचा वेळ मी धरलेलाच नाही.)

अझुल सिस्टिम्सच्या गिल टेने यांनी या प्रकाराला 'को-ऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलं. मी त्याला संगनमत म्हणतो. मोजणारा आणि ज्याला मोजायचं तो, दोघे एकाच वेळी डोळे मिटतात. उपाय सोपा आहे. विनंती निघाली तेव्हापासून नाही, निघायला हवी होती तेव्हापासून घड्याळ लावायचं. टेने यांचं डब्ल्यूआरके२ हेच करतं. त्यांच्या एचडीआर हिस्टोग्राममध्ये गाळलेल्या नोंदी मागाहून भरायचीही सोय आहे, पण ती अंदाजाची भर. मला पहिलाच मार्ग पटतो.

नवा अहवाल नेला तेव्हा साहेबांनी विचारलं, "सर्व्हर इतका मंद कधीपासून झाला?" आता काय सांगणार!

असो. अजून एक गोची होती. आमचा मोजणारा प्रोग्रॅमही जावातलाच, म्हणजे तोही अधूनमधून चहाला जाणार. म्हणून आता त्याच प्रोग्रॅममध्ये एक रिकामा थ्रेड ठेवतो. १ मिलीसेकंद झोपायचं, उठायचं, उठायला किती उशीर झाला ते लिहायचं, बस्स. टेने यांचं जेहिकअप याच कल्पनेवर चालतं. तो थ्रेडच उशिरा उठलेला दिसला, तर ती चाचणी मी सरळ फेकून देतो.