शमीचें झाड आणि विमानतळ

अज्ञातवासासाठीं विराटाच्या नगरांत शिरण्यापूर्वीं पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीच्या झाडावर बांधून ठेविलीं, ही कथा दसऱ्याच्या सुमारास आपल्या घरोघरीं सांगण्यांत येते. शाळेंत मुलांना मींही ती कितीदां तरी सांगितली असेल. परंतु जें गांडीव एका राज्यांत अर्जुनाचें भूषण, तेंच दुसऱ्या राजाच्या वेशीवर त्याचें संकट कां व्हावें, हा विचार माझ्या मनांत कधीं आला नव्हता. तो आला गेल्या वर्षीं, आणि तोही एका विमानतळामुळें.

आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, त्यांजकडे बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना होता. आमच्या लाखनीच्या आसपास धानाचीं शेतें व त्यांपलीकडे जंगल. कापणीच्या आधीं रानडुकरें बांध्यांत शिरलीं कीं एका रात्रींत वर्षाची मेहनत लोळवितात. दादा मचाणावर बसत व प्रसंगीं आकाशांत बार काढीत. तीन वर्षांपूर्वीं, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, ते निवर्तले. तेव्हां बंदूक व काडतुसांची पेटी ठाण्यांत जमा करण्यास मीच गेलों. मोजदाद माझी, यादी माझ्या अक्षरांतली, सहीही माझी. यादींत जितकीं काडतुसें लिहिलीं तितकींच पेटींत होतीं. दादांची खाकी पिशवी मात्र माळ्यावर तशीच राहिली. तिचे कप्पे मीं उघडून पाहिले नाहींत.

गेल्या वर्षीं त्यांच्या धाकट्या चिरंजीवास पुण्यास नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें आलें. पिशवी दणकट, शिवाय वडिलांची आठवण, म्हणून त्यानें तीच घेतली. नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रांतून ती जातांच एका कप्प्यांत पितळी बुडाचें नळकांडें दिसलें. थोड्या वेळानें माझा दूरध्वनि वाजला.

"काका, बाबांच्या पिशवींत एक काडतूस निघालें. मला ठाण्यावर नेत आहेत."

मिळेल त्या मोटारीनें आम्हीं नागपूर गांठलें. दादांच्या परवान्याची प्रत व बंदूक जमा केल्याची पावती मीं अंमलदारापुढें ठेविली आणि वर्गांत सांगावें तशा आवाजांत सांगितलें, "साहेब, हें आमच्या घरचेंच काडतूस आहे."

"गुरुजी," तो गृहस्थ शांतपणें म्हणाला, "काडतूस घराचें नसतें, माणसाचें असतें. आणि तो माणूस तर आतां नाहीं."

ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. एकत्र कुटुंबांत आपली वाक्यरचनाच अशी, कीं घर आमचें, शेत आमचें, तशी बंदूकही आमची. १९५९ चा शस्त्र अधिनियम ही भाषा जाणत नाहीं. परवाना एका व्यक्तीस मिळतो. त्या व्यक्तीच्या समक्ष, अथवा तिच्या लेखी अधिकारानें दुरुस्तीसाठीं, परवान्याच्या नूतनीकरणासाठीं वा तिच्याच उपयोगासाठीं दुसऱ्यानें शस्त्र नेलें तर चालतें. एरवीं सख्ख्या मुलासही तें घेऊन फिरण्याचा अधिकार नाहीं. काडतुसासही हाच न्याय. शिवाय परवाना किती मुलुखापुरता आहे, हें त्यावरच लिहिलेलें असतें. जिल्ह्यापुरता परवाना घेऊन भंडाऱ्याची हद्द ओलांडणारा कितीही सज्जन असो, तो परवान्याची अट मोडतो. धनी निवर्तल्यावर वारसांनीं शस्त्र विनाविलंब ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ठेवावें, व हवें असल्यास स्वतःच्या नांवें परवाना मागावा. २०१६ च्या नियमांत तर धनी सत्तर वर्षांचा झाला, अथवा शस्त्र त्याजकडे पंचवीस वर्षें राहिलें, म्हणजे त्याच्या हयातींतच तें वारसाकडे देण्याची वाट ठेविलेली आहे. आमच्या घरांत ही वाट कोणास ठाऊक नव्हती. दादा असतांना त्यांच्याच देखत सर्व मोजलें गेलें असतें, तर त्या कप्प्याची आठवण त्यांस खचित झाली असती.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत प्रायश्चित्ताचा विचार करतांना जाणूनबुजून केलेलें पाप व नकळत घडलेलें पाप वेगवेगळें धरिलें आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९७२ सालीं गुणवंतलाल खटल्यांत, व पुन्हां १९९४ सालीं संजय दत्त खटल्यांत, शस्त्र जवळ असणें म्हणजे जाणिवेनें जवळ असणें, असाच अर्थ लाविला. सामानांत विसरून राहिलेल्या एकट्यादुकट्या काडतुसावरून झालेले कित्येक खटले उच्च न्यायालयांनीं रद्द केले आहेत. वकिलांनीं हें सांगितल्यावर घरांतील मंडळींस धीर आला. परंतु न्याय मिळणें निराळें व मुलाखतीची वेळ गांठणें निराळें. विमान गेलें, मुलाखतही गेली. पुढच्या अर्जांत, आपणांवर कांहीं फौजदारी प्रकरण चालू आहे काय, ह्या प्रश्नापुढें मुलगा आजही "होय" असें लिहितो. तो लिहितांना मी त्या खोलींत थांबत नाहीं.

एका काडतुसाचें एवढें काय, असें वहिनींनीं विचारलें. बंदुकीवांचून काडतूस म्हणजे धनुष्यावांचून बाण, हें खरें. परंतु ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगरहून जम्मूस निघालेलें 'गंगा' नांवाचें विमान दोघां तरुणांनीं लाहोरास पळविलें, तें खेळण्यांतलें पिस्तूल व खोटा हातगोळा दाखवून. पुढें तें तेथें जाळण्यांत आलें. जमिनीवर हांक मारली तर शेजारी धांवून येतो. आकाशांत कोण येणार? म्हणून आज खेळण्यांतील बंदूकही उतारूंच्या कक्षांत नेऊं देत नाहींत. पिशवी तपासणाऱ्या त्या जवानाचा मला मुळींच राग नाहीं.

उघडपणें नेणारास मार्ग आहे. परवाना जवळ हवा व आधीं वर्दी द्यावयास हवी. शस्त्र रिकामें करून, बंद पेटींत, सामानाच्या कोठारांत. काडतुसें नीट बांधून, दर उतारूस पांच किलोपर्यंतच. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं फ्रान्समधील शातोरू येथें रायफलच्या नेमबाजींत ४५१.४ गुणांनीं ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें, तें आपण सर्वांनीं कौतुकानें वाचलें. अशा नेमबाजांस हत्यार घेऊनच देशोदेशीं उतरावें लागतें, आणि प्रत्येक वेशीवर कायदा निराळा. १९९६ सालीं स्कॉटलंडांत डनब्लेनच्या शाळेंत सोळा बालकें व त्यांची शिक्षिका गोळ्यांना बळी पडलीं. त्यानंतर १९९७ पासून ब्रिटनमध्यें पिस्तूल बाळगणें जवळजवळ बंद झालें, आणि तेथल्या पिस्तुलाच्या खेळाडूंवर सरावासाठीं परदेशीं जाण्याची पाळी आली. आपल्या अंजली भागवत यांनीं २००२ सालीं मँचेस्टरला चार सुवर्णपदकें जिंकलीं, त्या राष्ट्रकुल स्पर्धांत पिस्तुलाचे सामने व्हावेत म्हणून सरकारास खास मुभा द्यावी लागली. त्याच राजाच्या उत्तर आयर्लंडांत मात्र ही बंदी नाहीं!

आपल्याकडेही सर्वत्र एक माप नाहीं. कर्नाटकांतील कोडगूच्या कोडव लोकांस इंग्रजी अमदानीपासून परवान्याची माफी आहे, व २०१९ सालीं ती आणखी दहा वर्षांसाठीं वाढविण्यांत आली. आपण खंडेनवमीस करतों तशी ते लोक कैलपोढच्या सणास आपल्या बंदुकांची पूजा करतात.

ज्या वाचकांचीं मुलें न्यू जर्सीकडे आहेत त्यांनीं पुढील हकीकत ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत राज्यागणिक कायदा बदलतो. तरी पिस्तूल रिकामें व कुलुपांत असेल तर एका राज्यांतून दुसऱ्यांत जातांना मधल्या राज्यानें अडवूं नये, असा १९८६ चा मध्यवर्ती कायदा आहे. २००५ सालीं यूटा राज्याचे एक गृहस्थ असेंच पिस्तूल रीतसर सामानांत देऊन पेन्सिल्व्हानियास निघाले. न्यूअर्क येथें पुढचें विमान चुकलें, पिशवी त्यांच्या हातीं आली व रात्र जवळच्या हॉटेलांत काढावी लागली. सकाळीं विमानतळावर त्यांनीं प्रामाणिकपणें पिस्तुलाची वर्दी दिली, आणि त्यांस अटक झाली! कांहीं दिवस तुरुंगांत गेले. आरोप पुढें मागें घेण्यांत आला. पण भरपाईच्या दाव्यांत २०१० सालीं न्यायालयानें त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. रात्रभर पिशवी हातांशीं होती, तेव्हां प्रवासाचें संरक्षण उरलें नाहीं, असें कारण दिलें. त्यांनीं कांहीं लपविलें नव्हतें. केवळ एका मुक्कामानें राज्य बदललें.

आमचें प्रकरण अजून चालू आहे. वकील आशा देतात.

गेल्या आठवड्यांत वहिनींनीं माळा झाडला. एका ट्रंकेच्या तळाशीं दादांचा काडतुसें ठेवण्याचा कातडी पट्टा निघाला. त्यांनीं त्याचें घर न् घर बोट घालून तपासलें, मला हांक मारली व माझ्याकडूनही तपासून घेतलें. सर्व घरें रिकामीं होतीं. तरीही मी तो वर्तमानपत्रांत गुंडाळून ठाण्यांत घेऊन गेलों. अंमलदारानें उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्याला परवाना लागत नाहीं. घरीं न्या."