आपल्या दमण्याही निघू द्या

मुंबई-दिल्लीकडे जुन्या मोटारींची रॅली निघते. दिल्लीत 'स्टेट्समन' वर्तमानपत्राने ती १९६४ साली सुरू केली. घासूनपुसून चकचकीत केलेल्या गाड्या पाहायला लोक दुतर्फा उभे राहतात, आणि अशा कित्येक रॅलींत जमलेला पैसा दवाखान्याला किंवा अनाथाश्रमाला जातो. चांगली गोष्ट आहे. पण सभासद बंधूंनो, आपल्या भंडारा जिल्ह्याची जुनी गाडी कोणती? मोटार मालगुजाराच्या दारी एखादी असली तर असली. बाकी सारा मुलूख दमणी, रेंगी आणि खाचरावर चालला. लेक सासरी गेली ती दमणीत, धान गिरणीवर गेले ते खाचरात.

आज ती दमणी कोठ्यात पडून आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. चाकाची लोखंडी धाव केव्हाच भंगारात गेली. तुंब्यात आरे बसवणारा सुतार आणि धाव लाल तापवून चाकावर चढवणारा, वरून पाणी ओतून ती आवळून घेणारा लोहार, असे दोघे आता किती गावांत सापडतील? मोटारीचा सुटा भाग परदेशातून मागवता येतो हो, या हातांचे काय करणार?

आपल्याकडे गर्दी जमते ती शंकरपटाला. धान निघाले, मंडया झाल्या की पट भरतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, रात्री नाटक होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम केला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि बैलाला काठी, चाबूक, टोचणी लावायची नाही, ही अट आहे. ती कुठे पाळली जाते आणि कुठे नाही, हे पटावर उभा राहणारा प्रत्येक जण जाणतो. आम्ही वेगळे काय सांगावे!

आमचे म्हणणे असे की, पटाच्या दिवशी सकाळी जुन्या दमण्या-रेंग्यांची मिरवणूक काढावी. शर्यत नाही, बक्षीस नाही, बैलांनी आपल्या चालीने चालावे. प्रवेशाची वर्गणी घ्यावी, पटाच्या मिळकतीतूनही काही भाग काढावा, आणि त्या पैशातून कामाच्या बैलांसाठी उपचार शिबिर भरवावे. पटाच्या जोडीला लाखाचा भाव आणि बदामाचा खुराक मिळतो; ओझे ओढणारा बैल मात्र खांदेसूज घेऊन तसाच जुंपला जातो. जू गुळगुळीत नसले, जोडी लहानमोठी असली की खांदा सुजतो, पुढे पिकतो. अशा बैलाला जुंपू नये, हा पहिला उपचार. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ बैल जुंपायचा नाही, असा १९६५ चा केंद्राचा नियम आहे. तो किती जणांना ठाऊक आहे?

काही सभासद म्हणतील, कारखान्याने ऊस पाहावा, ही उठाठेव कशाला? बरोबर आहे, पैसा कारखान्याचा मागतच नाही आम्ही. शेतकी खात्याची माणसे गावोगाव फिरतात, त्यांनी नावे तेवढी टिपून आणावीत. जमाखर्च मात्र याच अंकात पै-पैशासह छापला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी दारात उभे करणार नाही.

ज्यांच्या कोठ्यात दमणी वा रेंगी उभी आहे, मोडकी असली तरी चालेल, त्यांनी दिवाळीपूर्वी गट कार्यालयात कळवावे. चाक दुरुस्त करणारा सुतार माहीत असल्यास त्याचेही नाव द्यावे.