विश्लेषण : आर्क्टिकच्या नद्यांत ऊन आणि लोह मिळून तापमानवाढीला कसे बळ देतात?

ध्रुवीय प्रदेशातील गोठलेली जमीन वितळू लागल्याने हजारो वर्षे बंदिस्त असलेला कार्बन नद्या-तलावांत उतरत आहे. तेथून तो हवेत कसा जातो, याचे उत्तर केवळ जिवाणूंपाशी नाही.

किती कार्बन अडकला आहे?

वर्षानुवर्षे गोठलेल्या जमिनीला ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. उत्तर गोलार्धातील अशा प्रदेशात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचा अंदाज आहे. वातावरणातील कार्बनच्या तो जवळपास दुप्पट आहे. थंडीमुळे वनस्पतींचे अवशेष तेथे पूर्ण कुजलेच नाहीत. जमीन वितळली की त्यांचा काही भाग पाण्यात विरघळतो आणि पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो.

ऊन नेमके काय करते?

पाण्यातील कार्बन मुख्यतः जिवाणू खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, असे मानले जात असे. रोझ कोरी आणि सहकाऱ्यांनी अलास्कातील नद्या-तलावांचा अभ्यास करून २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात वेगळे चित्र मांडले. पाण्याच्या स्तंभात विरघळलेल्या कार्बनवर होणाऱ्या एकूण प्रक्रियेत सूर्यप्रकाशाचा वाटा ७० ते ९५ टक्के आढळला. ऊन काही कार्बनचे थेट कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते, तर उरलेल्या मोठ्या रेणूंचे तुकडे करते.

लोहाची भूमिका कोणती?

विरघळलेले लोह सेंद्रिय आम्लांना चिकटते. या जोडीवर प्रकाश पडला की आम्लातील इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो आणि आम्लाचा एक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. पाण्यातील ऑक्सिजन लोहाला पूर्वस्थितीत आणतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. त्यामुळे थोडे लोहही बरेच काम करते. पर्माफ्रॉस्टमधील हजारो वर्षे जुना कार्बनही याच मार्गाने वायुरूप होतो, त्यासाठी अतिनील किरणच लागतात असे नाही, दृश्य प्रकाशही पुरतो, असे २०२० मधील संशोधनात दिसले.

पाण्यातील लोह वाढते आहे का?

अलास्कातील ब्रूक्स पर्वतरांगेत ७५ ठिकाणी नदी-नाल्यांचे पाणी नारिंगी झाल्याची नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. जमीन वितळल्यावर गंधकयुक्त खनिजांशी पाणी आणि ऑक्सिजनचा संपर्क येतो आणि आम्ल व धातू बाहेर पडतात. मात्र जास्त लोह म्हणजे जास्त वायू, असे सरळ गणित नाही. गंजाचे कण पाणी गढूळ करून प्रकाश अडवतात. शिवाय ऊन वरच्या थरापुरतेच पोहोचते आणि ध्रुवीय हिवाळ्यात ही प्रक्रिया जवळपास थांबते.

मग चिंता कशाची?

‘आयपीसीसी’च्या सहाव्या अहवालासाठी वापरलेल्या मोजक्याच हवामान प्रारूपांत पर्माफ्रॉस्टमधील कार्बन धरला होता. पाण्यातील ही प्रकाश-प्रक्रिया तर त्याहून बारीक बाब. ती हिशेबाबाहेर राहिली, तर तापमानवाढ १.५ किंवा २ अंशांवर रोखण्यासाठी माणसाने अजून किती कार्बन सोडता येईल, याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सैल ठरू शकतो.